उतार वाचता येतो? मग हे करिअर तुमचंही आहे

पहिला मोठा पाऊस झाला की शेताच्या कुठल्या कोपऱ्यात पाणी साचणार, कुठला बांध आधी फुटणार आणि नाल्याचं पाणी रस्त्यावर नेमकं कुठून चढणार, हे ब्राह्मणपुरीतल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलामुलींना कुणी शिकवावं लागत नाही. शहादा तालुक्यातलं हे गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या उतारावर कापूस, केळी, पपई, ऊस. विहिरीचं पाणी कधी खाली जातं, कुठल्या झाडाखाली पीक धरत नाही, उन्हाळ्यात गुरं कुठल्या सावलीला थांबतात, हे सगळं बघत बघतच ही मुलं मोठी होतात. मार्कशीटवर याचा एकही मार्क नसतो.

आता समजा, अशाच घरातली एक मुलगी रोज एसटीने शहाद्याला कॉलेजला येते. बारावी सायन्स. चित्रकला चांगली, भूगोल आवडता, गणित बरं. घरच्यांच्या डोक्यात नीट, नर्सिंग, डी.फार्म., पोलीस भरती किंवा एमपीएससी. कॉलेजातल्या करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमातही साधारण हीच यादी. जमीन, पाणी, झाडं आणि माणसं यांचा एकत्र विचार करून जागा घडवणं हा एक पूर्ण वेळचा, शिकून करायचा व्यवसाय आहे, हे तिला कुणी सांगतच नाही. त्या व्यवसायाचं नाव लॅण्डस्केप आर्किटेक्चर. मराठीत भूदृश्य-रचना म्हणता येईल, पण रोजच्या बोलण्यात इंग्रजी नावच रुळलंय.

मग हे करिअर घ्यावं का? उत्तर ‘हो, स्कोपच स्कोप’ इतकं सोपं नाही. स्कोप आहे, पण तो कुठे आहे, त्याची किंमत किती आणि तो आपल्याकडे अजून का पोहोचला नाही, हे आधी समजून घेऊ.

लॉन आणि कुंड्या? ते शेवटी!

लॅण्डस्केप म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते हॉटेलबाहेरचं हिरवंगार लॉन, कारंजं आणि छाटलेली झुडपं. म्हणजे बाग करणारा माणूस. हा गैरसमज जुना आहे आणि करिअरच्या दृष्टीने महागात पडणारा आहे. बाग हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यात छोटा भाग. त्याआधी जागेचे चढ-उतार मोजायचे, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघायचं, माती तपासायची, असलेली झाडं नकाशावर घ्यायची, लोक कुठून चालतात, कुठे बसतात, बायका-मुलांना कुठे सुरक्षित वाटतं ते पाहायचं. या सगळ्यानंतर ठरतं, इमारत कुठे, रस्ता कुठे, झाड कुठे आणि कुठे काहीच करायचं नाही. ‘इथे काही करू नका’ असं कारणासकट सांगता येणं हेही याच व्यवसायाचं कौशल्य.

गंमत म्हणजे या व्यवसायाला आजचं नाव ज्यांच्यामुळे मिळालं, ते फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड मुळात आर्किटेक्ट नव्हते. न्यूयॉर्कजवळ स्टेटन आयलंडवर ते शेती करायचे, नंतर पत्रकार झाले. १८५७ मध्ये सेंट्रल पार्कच्या कामावर देखरेख करायला लागले आणि १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट वॉक्स या आर्किटेक्टसोबत त्यांनी त्या पार्कची डिझाइन स्पर्धा जिंकली. खडक आणि दलदलीची सुमारे ८४० एकर जमीन त्यातून शहराचं फुप्फुस बनली. पण त्याच जागेवर सेनेका व्हिलेज ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती आणि पार्कसाठी ती उठवली गेली. म्हणजे ‘ही जागा कुणासाठी आणि कुणाला हटवून?’ हा प्रश्न या व्यवसायाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या मुलांना तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही. सरदार सरोवरात गेलेली महाराष्ट्रातली ३३ गावं याच जिल्ह्यातली. त्यातल्या बऱ्याच कुटुंबांच्या पुनर्वसन वसाहती तळोदा आणि शहादा तालुक्यांत आहेत. डोंगर-नदीतलं गाव उचलून सरळ रेषेतल्या प्लॉटांवर ठेवलं की गुरं, सरपण, देवस्थान, सावली, पाणी यांचं काय होतं, हा लॅण्डस्केपचाच अभ्यास आहे. फक्त तसा तो कुणी म्हणत नाही.

मुंबईतलं एक उदाहरण मात्र सांगायलाच हवं. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जागा सुमारे ३७ एकर. एकेकाळी हे चक्क डम्पिंग ग्राउंड होतं. कचऱ्याच्या ढिगावर माती टाकून, झाडं लावून, पाणी साठवून तिथे जंगल उभं केलं गेलं आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. आज तिथे शाळेच्या सहली पक्षी आणि फुलपाखरं बघायला जातात. कचऱ्याचा डोंगर असलेलं कुठलंही गाव किंवा शहर डोळ्यांपुढे आणा आणि विचार करा, अशा कामासाठी किती माणसं लागतील?

तपोवनात प्रश्न झाडांचा होता की क्रमाचा?

आता बातम्यांकडे वळू. २०२५च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनावरून रान पेटलं. २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी तिथे साधुग्राम उभारायचं, त्यासाठी सतराशेहून अधिक झाडांवर गदा येणार, अशी नोटीस निघाली. नाशिककर, कॉलेजची मुलं, कलाकार रस्त्यावर उतरले. बदल्यात दुसरीकडे हजारो रोपं लावू, असं प्रशासन सांगत राहिलं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

या वादात दोनच बाजू दिसल्या. एक म्हणत होती झाडं हवीत, दुसरी म्हणत होती साधूंची सोय हवी. तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: जागेचा आराखडा काढताना झाडं आधी नकाशावर घेतली होती का? साधुग्राम काही महिन्यांचं असतं. तंबू, रस्ते, पाण्याच्या लाइनी, शौचालयं तात्पुरती असतात, म्हणजे हलवता येतात. मोठी झाडं हलवता येत नाहीत. मग आधी झाडांची जागा आणि फांद्यांचा घेर टिपायचा आणि तंबू त्यांच्या मधे बसवायचे, हा सरळ क्रम. उन्हा-पावसात झाडाखालचा तंबू कुणाला नकोय? कामाचा क्रम उलटा झाला की झाड ‘अडथळा’ ठरतं आणि मग आंदोलन, कोर्ट, लवाद ओघाने येतातच.

कायदा काय म्हणतो तेही बघा. महाराष्ट्राचा शहरी भागातल्या झाडांसाठीचा कायदा १९७५चा. २०२१च्या दुरुस्तीने त्यात ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानलं गेलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची तरतूद आली. चांगली तरतूद आहे. पण कायदा झाडं मोजतो. कुठलं झाड कुठे, कशासाठी, त्याच्या मुळांना पाणी कुठून मिळणार, हे कायदा ठरवू शकत नाही. ते ठरवायला माणूस लागतो.

तपोवन हे एकच उदाहरण. पुण्यात मुळा-मुठेच्या नदीकाठ प्रकल्पावरून कित्येक वर्षं वाद चालू आहे. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सची १२० एकर आणि कोस्टल रोडलगतची जमीन जोडून सुमारे ३०० एकरांचं सेंट्रल पार्क करायचं ठरलंय. केंद्राच्या ‘अमृत २.०’ योजनेत छोट्या शहरांनाही तलावांचं पुनरुज्जीवन आणि उद्यानांसाठी पैसा मिळतो. म्हणजे जमिनीचं रूप बदलण्यावर आज प्रचंड खर्च होतोय. त्या टेबलावर इंजिनीअर असतो, कंत्राटदार असतो, लोकप्रतिनिधी असतो. लॅण्डस्केप आर्किटेक्टला बरेचदा बोलावलं जातं ते काँक्रीट ओतून झाल्यावर, हिरवळ लावायला. या करिअरचा स्कोप आणि या करिअरचं दुखणं, दोन्ही याच एका गोष्टीत आहेत.

‘हे सगळं मोठ्या शहरांचं, आमच्याकडे काय?’ असं वाटत असेल तर प्रकाशाला जाऊन या. तापी-गोमाईच्या संगमावरच्या या दक्षिण काशीत गौतमेश्वराची मोठी यात्रा सिंहस्थातच, बारा वर्षांनी भरते. सारंगखेड्याला दर वर्षी दत्त जयंतीला घोड्यांचा बाजार भरतो आणि तापीकाठी लाखो लोक जमतात. घोडे कुठे बांधायचे, चारा-पाणी कुठून आणायचं, गर्दी कुठून आत सोडायची, कचरा नदीत जाणार नाही हे कसं बघायचं? नाशिकचा प्रश्न छोट्या प्रमाणात आपल्या दारातही आहेच.

खान्देशात हा विषय जुनाच

लॅण्डस्केप हे परदेशातून आलेलं फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी धुळे-नाशिककडची फड पद्धत समजून घ्यावी. पांझरा, मोसम अशा नद्यांवर छोटे बंधारे, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखाली येणारं भिजक्षेत्र, म्हणजे थळ. थळाचे भाग पाडायचे, ते फड. कुठल्या फडात कुठलं पीक, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी सोडायला पाटकरी. सगळं पाणी उताराने, पंपाशिवाय. काही शतकं ही व्यवस्था चालली. जमिनीचा उतार, पीक, माणसं आणि नियम यांची एकत्र केलेली ही रचना आहे. कुठल्याही लॅण्डस्केप कॉलेजात केस स्टडी म्हणून शोभेल अशी.

शेजारच्या शिरपूर तालुक्यातलं उदाहरण अलीकडचं. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी तिथे नाले रुंद आणि खोल करून, त्यावर साखळीने बंधारे बांधून पाणी जिरवलं. तो ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर गाजला. पण पुढे जेव्हा ‘नाला खोल करा’ एवढंच सूत्र घेऊन जेसीबी गावोगाव फिरले, तेव्हा भूजलाच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले. शिरपूरच्या जमिनीत जे चाललं ते कठीण खडकाच्या गावात चालेलच असं नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे वाद पुन्हा जागा वाचण्याचाच. एका जागेचं उत्तर दुसऱ्या जागेवर चिकटवलं की फसतं.

आणि आता ताजी घडामोड. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने भोपाळमध्ये तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक पट्टा असतो. भूगर्भशास्त्रात त्याला ‘बजाडा’ म्हणतात. तिथे पाणी सहज मुरतं. जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेर भागातल्या या पट्ट्यात तापीचं पाणी मुरवायचं, ही प्रकल्पामागची कल्पना. असा प्रकल्प होतो तेव्हा धरण, कालवे, बोगदे यांचं गणित इंजिनीअर करतात. पण कालव्याच्या काठाचं गाव, तुटणारी पायवाट, गुरांचा पाणवठा, जाणारं जंगल आणि नव्याने येणारी बागायत यांचा एकत्र नकाशा कोण काढणार? हे काम शिकलेली माणसं आपल्याकडे फार थोडी आहेत.

शेतकऱ्याच्या मुलाची ‘स्पंज’ शहरं

अशा कामाची जगभर गाजलेली गोष्ट चीनमधली आहे आणि ती एका खेड्यातल्या मुलाची आहे. यू कोंगजियान, जन्म १९६३, झेजियांग प्रांतातल्या एका शेतकरी कुटुंबातला. दहाएक वर्षांचा असताना तो गावच्या नदीच्या पुरात सापडला. काठावरच्या वाळुंजांनी आणि वेतासारख्या गवताने पाण्याचा जोर कमी केला होता, त्यांनाच धरून तो बाहेर आला. पुढे बीजिंगमध्ये शिक्षण, हार्वर्डला डॉक्टरेट, १९९८ मध्ये स्वतःची ‘टुरेनस्केप’ ही संस्था. त्याचं म्हणणं एका वाक्यात: नदीला काँक्रीटच्या नळीत कोंबू नका, शहराला स्पंजासारखं होऊ द्या. पाणी जिथे पडतं तिथे धरा, त्याचा वेग कमी करा, त्याला पसरायला जागा द्या.

ओळखीचं वाटतंय ना? धावतं पाणी चालतं करा, चालतं पाणी थांबतं करा, थांबलेलं मुरवा, हे आपल्याकडच्या पाणलोटाच्या कामातलं वाक्य तुम्ही ग्रामसभेत नाहीतर एनएसएसच्या कॅम्पमध्ये ऐकलंच असेल. फरक एवढाच, की चीनने ही गोष्ट शहरांसाठी राष्ट्रीय धोरण केली आणि २०१५ मध्ये पहिल्या १६ शहरांत प्रयोग सुरू केले. आपल्याकडे ती शिवाराच्या हद्दीवर थांबली.

अर्थात स्पंज म्हणजे जादूची कांडी नव्हे. झेंगझोऊ हे शहर या कार्यक्रमात होतं, तरी जुलै २०२१च्या महापुरात तिथे तीनशेहून जास्त माणसं गेली. काही दिवसांत जवळपास वर्षभराचा पाऊस कोसळला तर फक्त तळी आणि गवत पुरत नाहीत. धोक्याचे इशारे, भुयारी रेल्वे बंद करण्याचे निर्णय, मोठी गटारं हे सगळं लागतं. ही मर्यादा मान्य करूनच या कामाकडे यायला हवं. २३ सप्टेंबर २०२५ला ब्राझीलच्या पांतानाल पाणथळ प्रदेशात विमान कोसळून यू कोंगजियानचा मृत्यू झाला. गावच्या नदीकडून शिकलेला धडा देशाच्या धोरणात नेणारा माणूस गेला, पण खेड्यातलं शहाणपण मोठ्या टेबलावर मांडता येतं हे तो दाखवून गेला.

गणित सोडलं की दार बंद

आता व्यवहाराचं बोलू. आपल्या त्या शहाद्याच्या मुलीला इथे पोहोचायचं तर रस्ता काय?

भारतात पदवीलाच थेट लॅण्डस्केप शिकवणाऱ्या संस्था अगदी मोजक्या. त्यामुळे नेहमीचा रस्ता असा: बारावीनंतर पाच वर्षांचं बी.आर्क. आणि मग दोन वर्षांचं लॅण्डस्केपमधलं पदव्युत्तर शिक्षण. बी.आर्क.साठी ‘नाटा’ किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो आणि बारावीला फिजिक्ससोबत गणित सक्तीचं. इथेच आपल्याकडची बरीच मुलं अडकतात. अकरावीत ‘नीट’च्या नादाने फक्त बायोलॉजीचा ग्रुप घेतला, गणित सोडलं, की हे दार बंद. म्हणून ज्यांना थोडीशीही शंका आहे, त्यांनी अकरावीत गणित सोडू नये. दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांनाही गणित असेल तर बी.आर्क.चा मार्ग आहे.

पदव्युत्तरसाठी दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अॅण्ड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ, पुण्यात मुलींसाठीचं भानुबेन नानावटी कॉलेज ही परिचित नावं. केंद्रीय संस्थांमध्ये ‘गेट’च्या गुणांवर आलेल्यांना विद्यावेतनाची सोय असते.

म्हणजे एकूण सात वर्षं. घरात ही गोष्ट काढली की बाबा पहिला प्रश्न विचारणार, ‘सात वर्षांत तर डॉक्टर होतो माणूस!’ चुकीचा प्रश्न नाही तो. फीशिवाय होस्टेल, शीट्स, मॉडेलचं सामान, लॅपटॉप, स्टडी टूर असा खर्च असतो. पण काही गोष्टी आता बदलल्यात. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने राज्यात ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जाती-जमातींसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे. होस्टेल न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयं’ योजना आहे. प्रवेशाआधीच जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला यांचं काम उरकून घ्या. दाखल्यासाठी वर्ष गेलं, ही आपल्याकडची नेहमीची रड.

नोकरी आहे, पण नाव वेगळं असतं

नोकरीचं चित्र दुहेरी आहे. पुणे, मुंबई, बेंगळुरू, अहमदाबादच्या खासगी ऑफिसांत काम मिळतं: टाउनशिप, कॅम्पस, रिसॉर्ट, कंपन्यांचे परिसर, नदीकाठ, रस्ते. पहिली काही वर्षं तास जास्त आणि पगार बेताचा, हे आर्किटेक्चरमधल्या कुणालाही विचारा. वर जाण्याचा वेग तुमच्या कामावर आणि ओळखींवर ठरतो. इंजिनीअरिंगसारखं कॅम्पस पॅकेज डोक्यात असेल तर निराश व्हाल.

सरकारी बाजू आणखी अवघड. महापालिकांची उद्यान खात्याची पदं बहुतेकदा कृषी किंवा उद्यानविद्येच्या पदवीधरांसाठी असतात. लॅण्डस्केप आर्किटेक्ट नावाचं पद जाहिरातीत क्वचितच दिसतं. कायद्याची गोष्टही लक्षात घ्या. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी १९७२च्या कायद्याने संरक्षित आहे, वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय ती लावता येत नाही. लॅण्डस्केप आर्किटेक्टसाठी मात्र असा स्वतंत्र कायदा नाही. ‘इसोला’ ही व्यावसायिकांची संघटना २००३ पासून आहे, पण एखाद्या प्रकल्पावर लॅण्डस्केप आर्किटेक्ट हवाच, अशी सर्रास सक्ती नाही. म्हणून त्याला शेवटी बोलावलं तरी चालतं, नाही बोलावलं तरी चालतं. हे बदलण्यासाठी या क्षेत्रातल्या लोकांनाच भांडावं लागेल.

सात वर्षं परवडणार नसतील तर? याच कामाला दुसऱ्या दारांनीही जाता येतं. बायोलॉजी घेतलेल्यांसाठी बी.एस्सी. अॅग्री, उद्यानविद्या किंवा फॉरेस्ट्री. धुळ्याचं कृषी महाविद्यालय जवळच आहे. भूगोल किंवा जिऑलॉजीवाल्यांसाठी जीआयएस आणि भूजल. सिव्हिलवाल्यांसाठी जलसंधारण. लॅण्डस्केपचं चांगलं काम कधीच एकटा माणूस करत नाही. त्या टीममध्ये झाडं ओळखणारा, माती कळणारा, नकाशा काढणारा आणि लोकांशी बोलणारा असे सगळे लागतात. फक्त ‘आर्किटेक्ट’ ही पाटी लावता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

या पावसाळ्यात करून बघा

आपल्याला हे जमेल का, हे तपासायला क्लास लावायची गरज नाही. एक वही, पेन्सिल आणि रेनकोट पुरे.

जोराचा पाऊस झाला की दोन तास गावात फिरा. पाणी कुठून कुठे गेलं ते बाणांनी कागदावर काढा. कुठे साचलं, किती वेळाने ओसरलं ते लिहा. मग उन्हाळ्यात त्याच नकाशावर सावल्या काढा: दुपारी दोन वाजता गावात माणसं, कुत्री, गुरं कुठे असतात? गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, पूर्वी नाला कुठून जायचा, कुठलं झाड पडलं, कुठली विहीर बुजली. बस स्टँड, मराठी शाळा, स्मशानभूमी, आठवडे बाजार यातली एक जागा निवडा आणि तिथे तुम्ही काय बदलाल, काय अजिबात बदलणार नाही, हे दोन चित्रांत दाखवा. ही वही पुढे कॉलेजच्या मुलाखतीत पोर्टफोलिओ म्हणून उपयोगी पडेल. ग्रामपंचायतीत दाखवली तर कदाचित त्याआधीच उपयोगी पडेल.

आणि हे करताना कंटाळा आला, तर तेही उत्तरच आहे. सात वर्षं घालवण्याआधी दोन पावसाळे घालवणं स्वस्त पडतं.

राहिला परत येण्याचा प्रश्न. शिकलेली मुलगी पुण्यातच राहील, तालुक्याला काय मिळणार, असं कुणी म्हणेल. आज शहाद्यात लॅण्डस्केपचं ऑफिस टाकून पोट भरेल, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण नगरपालिकेचं उद्यान, साखर कारखान्याचा परिसर, प्रकाशाचे घाट, सारंगखेड्याची यात्रा, तोरणमाळचं पर्यटन, नाले आणि बंधारे ही कामं इथे होतच आहेत, होतच राहणार आहेत. आराखडे बरेचदा बाहेरून येतात. इथल्या नाल्याचं पाणी कधी कुठे चढतं हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्या हातून ते काढले जातात. मग पहिल्या पावसात नव्या सिमेंट रस्त्यावर गुडघाभर पाणी साचतं आणि गावातलं शेंबडं पोरही म्हणतं, ‘हे तर आम्हाला आधीच माहीत होतं.’

प्रश्न एवढाच आहे, की ज्याला आधीच माहीत होतं, तो नकाशा काढताना टेबलापाशी होता का?